मल्टी टूलची पाती: कुठे वाचवायचं आणि कुठे पैसे घालायचे

प्रश्न असा आहे: मल्टी टूल, म्हणजे पातं गोल न फिरवता झपाट्यानं इकडून तिकडे डोलवून कापणारं विजेचं यंत्र, नवं घेतलं, त्याच्यासोबत आलेली पाती दोन-चार कामांतच बोथट झाली. नामांकित कंपनीच्या एका पात्याच्या पैशात बिननावाच्या पात्यांचं भरगच्च पाकीट मिळतंय. ते घ्यावं का? की एकच महागडं पातं घेऊन जपून वापरावं? परवडेल आणि टिकेल असं नेमकं कोणतं?

दारं-खिडक्या बसवणं, जुनं लाकूडकाम उतरवणं, फरशीच्या कडेची कापाकापी अशा कामांत मी हे यंत्र बरीच वर्षं वापरतोय, आणि पात्यांवर वेड्यासारखे पैसेही उडवून झालेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक करा. बोथट झालेली पाती फेकली नसतील तर ती उजेडात धरून दातांकडे बघा. पातं कशानं गेलं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. दात जागेवर आहेत पण टोकांना निळसर-जांभळी झाक आलीय, तर ते तापून गेलं. रंग तसाच आहे पण दात घासून गुळगुळीत झालेत, तर वाळूनं, सिमेंटनं नाहीतर प्लायमधल्या गोंदानं खाल्लं. आणि मधले चार दात सपाट, कडेचे मात्र नवेकोरे, असं दिसलं तर खिळा किंवा स्क्रू लागला. नवख्या माणसाच्या डब्यात निळी पाती सगळ्यात जास्त निघतात. माझ्याही निघाली होती. निळ्या पात्यात पात्याचा दोष कमी असतो आणि हाताचा जास्त, हे मला उमगेपर्यंत मी तीन वेळा पात्याची कंपनी बदलली होती.

पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे ते तापवून झटकन थंड केलेलं असतं, म्हणून दात कडक असतो. साध्या हाय कार्बन पोलादाचं हे पाणी २०० अंश सेल्सिअसच्या पुढे उतरायला लागतं. २२० च्या आसपास चकचकीत पोलाद फिकट पिवळं दिसतं, ३०० च्या जवळपास निळं. म्हणजे दात निळा दिसला तेव्हा त्याचा कडकपणा केव्हाच ओसरलेला असतो. हाय स्पीड स्टील, म्हणजे ड्रिलची चांगली बिटं ज्याची असतात ते पोलाद, साधारण ६०० अंशांपर्यंत धरून राहतं. टंगस्टन कार्बाइड हा पोलादाहूनही कडक पदार्थ त्याच्याही पुढे जातो. पात्यांच्या किमतीतला बराचसा फरक या एका गोष्टीतून येतो.

पण मल्टी टूलचं पातं इतकं तापतं का, हे कळल्याशिवाय नुसत्या धातूंच्या नावांचा उपयोग नाही. थोडं गणित करू. यंत्राच्या मध्यापासून दातांपर्यंतचं अंतर ८ सेंटीमीटर धरा. बरीचशी यंत्रं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३ ते ४ अंशच डोलतात. ३.२ अंश धरले तर दात इकडून तिकडे साडेचार मिलिमीटर सरकतो. बस, एवढंच. आता सरळ कापाचं नेहमीचं पातं ३०-३४ मिलिमीटर रुंद असतं. ते अख्खं लाकडात रुतवलं की मधल्या दातानं काढलेल्या भुशाला बाहेर पडायला दोन्ही बाजूंना १५-१६ मिलिमीटर जावं लागतं, आणि दात तर त्याला साडेचार मिलिमीटरच ढकलतो. भुसा तिथेच राहतो, मिनिटाला १५-२० हजार वेळा रगडला जातो, जळतो. धूर येतो, आपल्याला वाटतं पातं बोथट झालं, आपण आणखी जोर देतो, आणि मग ते खरंच बोथट होतं. जिगसॉ (अरुंद पातं वर-खाली चालवणारी विजेची करवत) किंवा साधी करवत लांब ओढीत भुसा बाहेर फेकते. हे यंत्र तो आपणहून फेकत नाही, तुम्हाला फेकायला लावतं. म्हणून पातं डावी-उजवीकडे हलकं झुलवत कापायचं, एका वेळी अर्धेच दात लाकडाला लागतील असं. दर काही सेकंदांनी बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, पुन्हा घालायचं. यात पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात पात्याचं आयुष्य वाढवणारी याच्याइतकी दुसरी गोष्ट नाही.

या यंत्राचा वंश दवाखान्यातला आहे. मोडलेल्या हाडावरचं प्लास्टर कापण्यासाठी डोलणारी करवत अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी १९४० च्या दशकात बनवली, आणि जर्मनीतल्या फाइन कंपनीची प्लास्टर कापणारी डोलती करवत १९६७ ची. त्या करवतीनं प्लास्टर कापलं जातं पण खालची कातडी नाही, कारण कातडी मऊ असल्यानं दातांसोबत डोलते आणि दाताला विरोधच करत नाही. गंमत म्हणून हे सांगत नाही. तुम्ही कापताय ती वस्तू सैल असेल तर ती कातडीसारखीच वागते. लोंबकळणारा पाइप, एका टोकाला सुटलेली पट्टी, पातळ पत्रा, हे पात्याबरोबर थरथरतात, काप पडत नाही, नुसती घासाघीस होऊन दात तापतात. पाइप हातानं नाहीतर पकडीनं घट्ट धरा, पट्टीखाली पाचर ठोका, पत्र्यामागे लाकडाचा तुकडा लावा. तेच पातं एकदम ‘धारदार’ होतं.

आता पात्यांच्या जाती.

सगळ्यात स्वस्त ती हाय कार्बन पोलादाची. पाकिटावर एचसीएस लिहिलेलं असतं. ही फक्त लाकडासाठी, आणि लाकूड म्हणजे खिळा नसलेलं लाकूड. स्वच्छ लाकडात ती उत्तम कापतात, काही तर महागड्या पात्यांपेक्षा जलद, कारण साध्या पोलादाला बारीक आणि तीक्ष्ण धार देता येते. लांब, अणकुचीदार, तीन बाजूंनी घासलेले दात असलेली जपानी दातांची पाती याच गटात मोडतात. चौकटीचा पाय फरशीलगत कापायचाय, प्लायमध्ये स्विचबोर्डासाठी चौकोन काढायचाय, अशा कामात जपानी दात घातला की लोणी कापल्यासारखं वाटतं. पण एक खिळा लागला की खेळ खल्लास. प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्यांमध्ये) असलेला गोंद साध्या लाकडापेक्षा बराच झिजवतो, त्यामुळे तिथे ही पाती अपेक्षेपेक्षा लवकर जातात. हे गृहीत धरूनच वापरायची.

दुसरी जात बायमेटल, बीआयएम. पात्याचं अंग लवचीक स्प्रिंग पोलादाचं आणि दातांची बारीक पट्टी हाय स्पीड स्टीलची, दोन्ही वेल्ड करून जोडलेली. चांगल्या पात्यात ही पट्टी सुमारे ८ टक्के कोबाल्ट असलेल्या एम४२ पोलादाची असते. लाकूड, लाकडातला साधा खिळा, तांब्याचा किंवा प्लास्टिकचा पाइप, ॲल्युमिनियम, हे सगळं यात येतं. घरातल्या बहुतेक कामांना हेच पातं लागतं, आणि फसवणूकही याच जातीत सगळ्यात जास्त होते.

तेव्हा इथे जरा थांबू. पाकिटावर बायमेटल छापायला कोणाचं काय जातं? खरं-खोटं ओळखायच्या दोन खुणा. पहिली डोळ्यांची: पातं तिरप्या उजेडात धरलं की दातांच्या मुळापासून एक-दोन मिलिमीटर वर, दातांना समांतर एक सरळ रेघ दिसते आणि तिच्या दोन बाजूंना पोलादाची चमक किंचित वेगळी असते. तो वेल्डचा सांधा. रंग किंवा मुलामा असेल तर रेघ झाकली जाते. मग कडेला, जिथे पट्टी संपते तिथे शोधा. दुसरी खूण कानशीची: चांगली बारीक कानस कोपऱ्यातल्या एका दातावर हलक्या हातानं फिरवा. कानस घसरली, काचेवरून गेल्यासारखी, तर दात खरोखर कडक आहे. कानशीनं पोलाद चावलं, बारीक कीस निघाला, तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तो दात खिळा कापणार नाही. एक कोपऱ्यातला दात गेला तरी पातं वाया जात नाही, पण पाकिटातल्या बाकी पात्यांचं भविष्य कळतं.

सोनेरी रंगाला भुलू नका. टायटेनियम नायट्राइडचा खरा मुलामा सोनेरी असतो, कडक असतो, पण जाडीला काही मायक्रॉनच. तो चांगल्या पोलादावर असेल तर घर्षण थोडं कमी करतो, खाली साधं पोलाद असेल तर सोन्याचं पाणी दिलेली पितळेची अंगठी. ‘टायटेनियम’ हा शब्द पाकिटावर मोठ्या अक्षरात आणि दातांचा धातू बारीक अक्षरात, किंवा अजिबातच नाही, असं असेल तर मी ते पाकीट परत ठेवतो.

तिसरी कार्बाइड. दातांच्या टोकांना टंगस्टन कार्बाइडचे तुकडे, नाहीतर अख्खी दातांची पट्टीच कार्बाइडची. काळे ड्रायवॉल स्क्रू (जिप्सम बोर्ड बसवायचे), कडक केलेले बोल्ट, स्टेनलेस स्टील यांच्यापुढे बायमेटल हात टेकतं, तिथे कार्बाइडच. ड्रायवॉल स्क्रूला वरून कडक कवच दिलेलं असतं, आणि स्टेनलेसची खोड अशी की बोथट दातानं घासलं की ते घासलेल्या जागी आणखी कडक होत जातं. दोन्हीवर साधं पातं धरणं म्हणजे पैसे घासून उडवणं. मात्र कार्बाइडला अवगुण नाहीत असं नाही. ते ठिसूळ आहे. पातं चालू अवस्थेत धाडकन आपटलं, कापात तिरकं अडकवून पिळलं, किंवा तापलेलं लगेच पाण्यात बुडवलं, तर टवके उडतात. आणि स्वच्छ लाकडात ते जपानी दातापेक्षा हळू चालतं, काप खडबडीत येतो. एका ओळखीच्या सुतारानं एकदा मोठ्या हौसेनं सगळी पाती कार्बाइडची घेतली आणि दरवाज्यांच्या चौकटी कापताना दिवसभर यंत्रालाच शिव्या घातल्या.

चौथ्या जातीला दातच नसतात. कार्बाइडचे दाणे चिकटवलेली पाती टाइलखालचं सिमेंट खरवडणं, दोन टाइलांमधला जुना ग्राउट काढणं, लाकडाचे खरबरीत कोपरे घासणं यासाठी. त्याच्याही वरची हिऱ्याच्या दाण्यांची, कडक ग्राउट आणि जास्त कामासाठी. इथे मोजणी सोपी आहे: एका न्हाणीघराचा ग्राउट काढायचा असेल तर कार्बाइडचे दाणे पुरतात, आठवड्याला एक न्हाणीघर होत असेल तर हिरा परवडतो. हिऱ्याचं पातं पोलादावर मात्र धरू नका. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन खातं. सगळ्यात कडक पदार्थ मऊ पोलादावर झिजतो तो असा.

वाळू-सिमेंटमध्ये दातांचं पातं घालायचा मोह टाळा, अगदी ‘एवढंसंच तर आहे’ असं असलं तरी. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कडकपणा मोहस मापावर (खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये सांगणारं माप) ७, म्हणजे कानशीच्या पोलादापेक्षाही थोडा जास्तच. पोलादाचा दात आणि वाळू यांच्या लढाईत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. नुसतं जिप्सम तसं मऊ आहे, मोहसवर २, पण भिंतीच्या गिलाव्यात वाळू असली की सगळं गणित फिरतं. गिलावा, जिप्सम बोर्ड, सिमेंट शीट यांसाठी माझ्याकडे मेलेल्या पात्यांचा वेगळा डबा आहे, त्याबद्दल पुढे.

दातांच्या संख्येवर फार काथ्याकूट नको. पाकिटावर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात दात किती. लाकडाला १४ किंवा कमी, धातूला १८ ते २४. १८ चे दात म्हणजे दोन दातांत १.४ मिलिमीटर अंतर. धातूवर मोठा दात घातला तर तो उड्या मारतो आणि टोकं तुटतात, लाकडात बारीक दात घातला तर भुशानं भरून जळतो. लाकूडही कापतो आणि खिळाही, असं सांगणारं मधल्या मापाचं पातं दोन्हीकडे मध्यमच चालतं, पण जुन्या लाकडात खिळे कुठे दडलेत हे माहीत नसतं तेव्हा तेच लावायचं.

आता पकड, म्हणजे पातं यंत्राच्या डोक्यावर बसतं तो जोड. खरेदी इथे हमखास फसते. जुन्या आणि बऱ्याच स्वस्त यंत्रांना सपाट पातं लागतं, मध्ये भोक आणि भोवती बारा छोटी छिद्रं किंवा खाचा असलेलं. २०१६ मध्ये बॉश आणि फाइन यांनी मिळून स्टारलॉक नावाची पकड आणली. त्यात पात्याचा मध्य वाटीसारखा खोलगट असतो आणि यंत्राच्या डोक्यावर घट्ट बसतो. तिच्यात तीन पायऱ्या आहेत: साधं स्टारलॉक, प्लस आणि मॅक्स. साधं पातं तिन्ही यंत्रांत बसतं, प्लसचं पातं प्लस आणि मॅक्समध्ये, मॅक्सचं फक्त मॅक्समध्ये. स्टारलॉक यंत्रात सपाट पातं बसत नाही, त्यामुळे भरगच्च पाकिटाच्या सवलतीला भुलण्याआधी आपल्या यंत्राचं डोकं बघा. अडॅप्टर मिळतात. लाकडाला ठीक, पण धातू कापताना मी अडॅप्टर वापरत नाही. पात्याला साडेचार मिलिमीटरचाच डोल आहे. त्यातला अर्धा मिलिमीटर जरी ढिल्या पकडीत हरवला तरी काप मंदावतो, छिद्रं लांबोळी होतात आणि दोन्हीकडून झिजतं.

सपाट पातं घेताना जोडाची बाजूही उलटून बघा. पकडीची चकती आणि पातं बहुतेक वेळा स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात. चार-सहा नीट, एकसारखे टिपके दिसले तर बरं. दोन-तीनच टिपके, तेही वेडेवाकडे असतील तर ते पातं दातांच्या आधी तिथेच सुटेल, आणि सुटलेलं पातं उडतं. चष्मा घालून काम करा हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

मग भरगच्च पाकीट घ्यायचं की नाही? हिशोब पात्याच्या किमतीचा करू नका, कापाचा करा. समजा बायमेटलचं एक पातं एका हिश्शाला मिळतं आणि त्यात दहा खिळे कापले जातात. कार्बाइडचं पातं चार हिश्शांना मिळतं आणि साठ खिळे कापतं. तर कार्बाइड महाग नाही, स्वस्त आहे. पण तुम्हाला वर्षभरात एकूण आठच खिळे कापायचे असतील तर बायमेटलच स्वस्त. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही काढा. त्यासाठी एक टाकाऊ फळी घ्या, एकाच डब्यातले खिळे तिच्यात ठोका, आणि प्रत्येक पात्यानं किती खिळे कापले, कुठे गती अर्ध्यावर आली, ते पेन्सिलनं फळीवरच लिहा. मी हे एकदा रविवारी बसून केलं. धूर झाला, शेजारी विचारायला आले, पण त्यानंतर पात्यांची जाहिरात वाचायची गरज राहिली नाही. माझ्या फळीवर बिननावाच्या पाकिटातली लाकडाची पाती नामांकितांच्या जवळपास पोचली, त्याच पाकिटातली ‘बायमेटल’ पाती दुसऱ्या-तिसऱ्या खिळ्यालाच बोथट झाली. तेव्हापासून माझा नियम ठरला: लाकडाला स्वस्त पातं, धातूला चांगलं.

त्यामुळे मोठं पाकीट घ्यायचंच असेल तर फक्त लाकडाच्या पात्यांचं घ्या, आणि तेही एकाच मापाच्या. ‘सर्व कामांसाठी साठ नग’ अशा पाकिटात तुम्हाला लागणारी आठ-दहा पाती असतात, बाकी खरवडण्या, सँडपेपरचे त्रिकोण आणि आयुष्यात न लागणारे आकार. पहिल्यांदा घेताना सर्वांत छोटं पाकीट घ्या, एक पातं कानशीनं आणि फळीवर तपासा, मगच मोठं मागवा.

खरवडणीवर, म्हणजे स्क्रेपरवर, कधीच जास्त खर्च करू नका. तिला दात नाहीत, धार गेली की कानशीनं किंवा सहाणेवर दोन मिनिटांत परत येते. जुना सीलंट, वाळलेला गोंद, व्हिनाइल काढायला ती वर्षानुवर्षं चालते. सँडपेपरच्या त्रिकोणाला गती कमी ठेवा, नाहीतर त्याला धरणारे वेल्क्रोचे आकडे वितळतात.

एक पातं लोक हटकून विसरतात: अर्धगोल. सरळ रेघेत लांब काप, फरशीलगतच्या पट्टीचा, लाकडी फरशीच्या मध्यातला, असा काप असेल तर सरळ पात्यापेक्षा अर्धगोल बरं. दात दुप्पट-तिप्पट, शिवाय एका बाजूचे बोथट झाले की यंत्र थोडं वळवून दुसऱ्या बाजूचे ताजे दात वापरता येतात. रेघही सरळ राहते. फक्त ते कोपऱ्यात शिरत नाही. याउलट खोल खुपसायचं काम असेल तर १०-२० मिलिमीटरचं अरुंद पातं घ्या. भुशाला बाहेर यायला कमी अंतर, म्हणून कमी तापतं. रुंद पात्यानं एकदाच खुपसण्यापेक्षा अरुंद पात्यानं शेजारी शेजारी तीनदा खुपसणं बरेचदा लवकर होतं. हे पहिल्यांदा खोटं वाटतं, करून बघा.

हाताबद्दल थोडं आणखी. लाकडाला पूर्ण गती चालते. धातूला गती निम्म्याच्या आसपास ठेवा आणि दाब बेताचा. दात सरकून नुसता घासतोय असं वाटलं तर थांबा, एक तर दाब फार कमी आहे किंवा दात गेलाय. पाइप किंवा बोल्ट कापताना तेलाचा एक थेंब द्या. मेणबत्ती जवळ असेल तर थंड पात्यावर घासून घ्या, लाकडात आणि ॲल्युमिनियममध्ये दोन्हीकडे फरक पडतो. ॲल्युमिनियमचा कीस दातांत चिकटून बसतो तो मेणामुळे बसत नाही. काप सुरू करताना पूर्ण धार टेकवू नका, एक कोपरा टेकवून खाच पाडा, मग बाकीचे दात आत येऊ द्या. आणि यंत्राचं वजन आणि हाताचं वजन यापलीकडे जोर लागत असेल तर पातं बदला, हात नाही.

त्याहून महत्त्वाचं: हे यंत्र हातात घ्यायचीच गरज आहे का, ते बघा. मोकळ्या जागेतली फळी करवतीनं कापा, हाताशी येणारा पाइप हॅकसॉनं, रांगेत दहा बोल्ट ग्राइंडरनं. मल्टी टूल दुसरं काहीच जिथे शिरत नाही तिथलं यंत्र आहे. माझ्या वापरातली पाती निम्म्यानं कमी लागायला लागली ती चांगली पाती घेतल्यानं नाही, मी कोपऱ्यापर्यंत दुसऱ्या हत्यारानं जाऊन फक्त कोपरा यानं काढायला लागलो म्हणून.

आता मेलेल्या पात्यांचा डबा. बोथट पातं फेकायचं नाही, खालच्या कामाला लावायचं. खिळ्यावर मधले दात गेलेलं बायमेटल पातं कोपऱ्यातल्या दातांनी अजून प्लास्टिकचा पाइप कापतं. पूर्ण बोथट झालेलं जिप्सम बोर्ड, थर्माकोल, फोम आणि जुन्या सीलंटला चालतं. तिथे नवं पातं घालणं गुन्हा आहे. लाकडासाठीच्या हाय कार्बन पात्याला पुन्हा दात पाडता येतात: पातं वाइसमध्ये आवळा, तिकोनी कानशीनं किंवा ग्राइंडरच्या एक मिलिमीटरच्या चकतीनं खाचा पाडा. सुंदर दिसणार नाहीत, समान अंतरही येणार नाही, तरी लाकूड कापतील. चकती वापरली तर एका जागी एका सेकंदापेक्षा जास्त टेकवू नका, निळं झालं की मेहनत वाया. बायमेटलला हा उपाय फारसा लागू पडत नाही: कडक पट्टी दोन-एक मिलिमीटरचीच असते, ती संपली की खाली स्प्रिंग पोलाद, लवचीक पण मऊ. त्याची खरवडणी बनवा. कार्बाइडला घरी धार लावायच्या फंदात पडू नका.

भिंतीत किंवा जुन्या घरात खुपसण्याआधी वीज बंद करा, पाण्याची नळी कुठून गेलीय ते बघा, आणि जुन्या छताच्या किंवा भिंतीच्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉसची शंका असेल तर हे यंत्र तिला लावूच नका. ग्राउट आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते. कापडी रुमाल तिला अडवत नाही, नीट बसणारा मास्क लागतो. पातं बदलताना बॅटरी काढा, आणि नुकतं थांबलेलं पातं बोटानं धरू नका.

तुमच्या जागी मी काय घेईन? यंत्राची पकड बघून लाकडाच्या, ३२-३४ मिलिमीटरच्या जपानी दातांच्या स्वस्त पात्यांचं एक छोटं पाकीट. खात्रीच्या कंपनीची बायमेटल दोन, एक रुंद आणि एक अरुंद. कार्बाइडचं एक, फक्त स्क्रू आणि बोल्टसाठी, वेगळ्या डबीत, म्हणजे घाईत लाकडाला लावलं जाणार नाही. अर्धगोल एक, तेही बायमेटल. ग्राउटचं पातं काम निघेल त्या दिवशी. खरवडणी यंत्रासोबत आलेलीच पुरेल. आणि ते साठ नगांचं पाकीट आधीच मागवून झालं असेल, तर आल्यावर प्रत्येक जातीच्या एका पात्यावर कानस फिरवा, ज्यांना कानस चावते त्यांच्यावर मार्करनं ‘लाकूड’ लिहा आणि खिळ्यापासून लांब ठेवा.